माझ्या देखभालीतलं गंगाफळ

पहूरला मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा मास्तरांना झाडापानांतलं कळतं अशी गावात माझी ख्याती होती. ती कुणी पसरवली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीच पसरवली होती. चौथीच्या मुलांना मी निसर्गपाठ शिकवत असे. फळ्यावर जास्वंदीचं फूल काढायचं, खडूने बाण मारायचे, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर अशी नावं लिहायची आणि मुलांकडून ती तीन-तीनदा म्हणवून घ्यायची. जास्वंद मला डोळे मिटूनही काढता येई. सहा वर्षं मी तेच एक फूल काढत होतो. त्यामुळे जगातली सगळी फुलं आतून जास्वंदीसारखीच असणार अशी माझी समजूत होऊन बसली होती. त्या समजुतीने एका बाईचं काय नुकसान केलं, ते आज सांगतो. ती बाई माझी बायको.

मी धुळ्याचा, शहरात वाढलेला. भाजी टोपलीतून येते, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. बायको साक्रीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. माझ्या घरी आल्यावर ती आमच्यासारखं मराठी बोलायला लागली होती, पण राग आला की सरळ माहेरच्या बोलीत जाई. तिच्या तोंडून 'आहे'च्या जागी पहिला 'शे' निघाला की मी वहाणा शोधू लागत असे.

तिची आई एका वर्षी माघात गेली. दिवस आटोपून ती पहूरला परतली, ट्रंक उघडली, तर लुगड्यांच्या घडीत फडक्यात गुंडाळलेली एक गोवरी निघाली. मी हसलो. म्हटलं, "पहूरला गोवऱ्या मिळत नाहीत म्हणून साक्रीहून आणलीस काय?" तिने हसण्याकडे लक्ष दिलं नाही. गोवरी मांडीवर घेऊन तिने मला ती दाखवली. जाड होती, आणि तिच्यावर चार बोटं आणि एक अंगठा स्पष्ट उमटलेला होता.

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या आईच्या परसात गंगाफळाचा एक वाण होता. गंगाफळ म्हणजे शहरातले लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. पण हे बाजारातल्यासारखं गोल पिवळं नव्हे. हे चपटं, खोल फाकांचं, वरून राखी-हिरवं आणि आतून गर्द केशरी. कोरड्या जागी ठेवलं तर आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत टिके, आणि जसं जुनं होई तसं गोड होई. दरवर्षी आई सगळ्यांत चांगल्या फळाच्या बिया धुऊन ताज्या शेणात कालवी आणि त्याची जाड गोवरी भिंतीवर थापी. शेणात बी राहिलं की त्याला कीड लागत नाही, उंदीर तोंड लावत नाहीत. पेरणीच्या वेळी गोवरी फोडायची आणि बी लावायचं. ही शेवटची गोवरी आईने आजारात, उठून बसवत नव्हतं तेव्हा, भिंतीला हात टेकत थापली होती.

"मनी माय गयी, पण हाई शे," ती म्हणाली.

त्या दिवशीचा 'शे' रागाचा नव्हता. मी वहाणा शोधल्या नाहीत. गप्प बसलो. माझ्या हातून आयुष्यात जी थोडी शहाणपणाची कामं झाली त्यात या गप्प बसण्याची गणती करायला हरकत नाही, कारण त्यानंतर बराच काळ दुसरं शहाणपणाचं काम झालं नाही.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली. सुट्टीत मास्तर माणसाला काहीतरी सुधारावंसं वाटतं. मी कुठल्याशा मासिकात नवऱ्यांनी घरकामात हात लावावा असा एक लेख वाचला होता आणि तो मला फार पटला होता. एके दिवशी सकाळी बायको विहिरीवर गेलेली पाहून मी ठरवलं की ती येईपर्यंत अंघोळीचं पाणी तापवून ठेवायचं. हंडा चुलीवर चढवला, काटक्या लावल्या. गोवऱ्यांची पाटी रिकामी होती. शोधत मागच्या ओट्यावर गेलो, तर तिथे एक छान वाळलेली, जाडजूड गोवरी उन्हात ठेवलेली दिसली. तीन महिने फडक्यात राहिलेल्या गोवरीला ऊन द्यायला म्हणून बायकोने ती काढून ठेवली होती, हे मला सुचलं नाही. तिच्यावरची बोटंही दिसली नाहीत, कारण मी ती उलटी उचलली. गोवरी चांगली पेटली. पाणी पाहता पाहता कढत झालं. मी धोतर खोचून चुलीपुढे बसलो होतो आणि स्वतःवर खूश होतो.

बायको घागर घेऊन आली. तिने ओट्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. घागर खाली आपटली आणि तिने चुलीत उघडा हात घातला.

मी धावलो. आग विझवली पाहिजे एवढंच मला कळलं, आणि हाताशी पाणी होतं ते मीच कढत केलेलं. ते हंडाभर कढत पाणी मी त्या गोवरीवर ओतलं. बी भाजलं नसेल तर शिजावं अशी तजवीज झाली. बायको मागे सरकली म्हणून तिचे पाय वाचले. हात मात्र भाजला होता.

"काय करं तुम्हीन हाई!" ती ओरडली. मग अगदी हळू म्हणाली, "तेनावर मनी मायना हात व्हता."

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बोलली ती मिठाविषयी.

गोवरीचा अर्धा भाग कोळसा झाला होता. उरलेला अर्धा तिने सुईने उकरला. चार बिया धड दिसत होत्या. बाकीच्या तिने टाकल्या नाहीत, एका पुडीत बांधून ठेवल्या. मी तिच्या भावाला कार्ड टाकलं की थोडं बी असेल तर पाठवा. उत्तर आलं की घरात होत्या नव्हत्या त्या बिया वहिनीने भाजून पोरांना खायला दिल्या, आणि परसाच्या जागेवर आता गोठा बांधला आहे. ते कार्ड मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. शेवटी ते तिला माझ्या सदऱ्यातच सापडलं. म्हणजे आता तिच्या आईचा वाण साऱ्या खानदेशात आमच्या घरातल्या चार बियांत उरला होता.

पाऊस पडताच तिने त्या परसात कुंपणाशी लावल्या. चारांतून एकच उगवली. दोन पानं मातीतून वर आली त्या सकाळी बायको तिथे उकिडवी बसून राहिली आणि माझा चहा झाला नाही. मी तो मागितलाही नाही.

इथे मी दूर राहिलो असतो तर गोष्ट इथेच संपली असती. पण मला पश्चात्ताप झाला होता, आणि पश्चात्ताप झालेल्या मास्तरासारखा उपद्रवी प्राणी दुसरा नसेल. मी वेलाची जबाबदारी अंगावर घेतली. आळं केलं, लेंडीखत आणलं, कुंपणावर चढायला तुरीच्या काड्या बांधल्या, तांबडे भुंगेरे वेचून रॉकेलच्या डबीत टाकले. एक वही घातली आणि शाळेची फूटपट्टी घरी आणून वेल दररोज मोजू लागलो. शाळेत ती पट्टी लागली की एक पोरगं आमच्या घरी धावत येई.

श्रावणात कानबाईच्या सणाला बायको माहेरी गेली आणि वहिनीचं बाळंतपण आलं म्हणून तिथेच राहिली. जाताना तिने वेलाकडे पाहून मला बजावलं, "रोज पाणी घाला. दुसरं काही करू नका." यातली पहिली सूचना मी तंतोतंत पाळली.

ती गेल्यावर आठेक दिवसांनी वेलाला फुलं आली. मोठी, पिवळीधमक, रोज सकाळी आठ-दहा. मी वही घेऊन निरीक्षणाला बसलो. फुलं लांब बारीक देठावर नुसती उभी होती. कुणाच्याही बुडाशी फळाचा पत्ता नव्हता. सकाळी उमलत आणि ऊन चढलं की मिटून गळत. पुढे मग एक निराळी कळी दिसली, तिच्या बुडाशी गोटीएवढं हिरवं फळ. मला एकदम उलगडा झाला. फुलं दोन प्रकारची आहेत, मी वहीत लिहिलं, फळाची आणि वांझ. वांझ फुलं वेलाचा रस फुकट खातात. ती काढून टाकली तर सगळा रस फळाच्या फुलांना मिळेल.

जास्वंदीत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात शेजारी शेजारी नांदतात. एका वेलावर पुरुष वेगळे आणि बायका वेगळ्या अशी व्यवस्था असू शकते हे फळ्यावर कधी आलं नव्हतं, त्यामुळे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दररोज संध्याकाळी मी चाकू घेऊन मागे जाई आणि दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या सगळ्या 'वांझ' कळ्या खुडून टाकी. एकही सोडत नसे, कारण मी कामाला पक्का. खुडलेल्या कळ्या शेजारच्या अक्काच्या बकरीला घालत असे. त्या दिवसांत बकरी ही एकटीच माझ्या कामावर समाधानी होती.

अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी विधवा. शेती तिची थोडी, अनुभव पुष्कळ. तिच्याही छपरावर गंगाफळाचा वेल होता, साधा, बाजारचा, उशिरा लावलेला; त्याला अजून फूल नव्हतं. एके दिवशी मला खुडताना पाहून ती म्हणाली, "मास्तर, हे काय करून राहिले तुम्ही? आम्ही नाही बा खुडत." मी चाकू खाली ठेवून तिला वनस्पतीतल्या रसाभिसरणाविषयी पाव तास समजावून सांगितलं. अक्का ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "असंल बा. तुम्ही शिकेल माणूस." माझ्या ख्यातीचा तोटा त्या वेलाएवढा दुसऱ्या कुणाला झाला नसेल.

पहिलं फळ सुपारीएवढं होऊन पिवळं पडलं आणि गळालं. अक्काने निदान केलं, "तुम्ही बोट दाखवलं असंल. कोवळ्या फळाले बोट दाखवलं का कुजते." आमच्याकडे लहान पोरंसुद्धा काकडी-भोपळ्याचं कोवळं फळ दाखवताना बोट वाकवून दाखवतात. मला हे सहन झालं नाही. विज्ञानाचा मास्तर मी. दुसऱ्याच दिवशी चौथीचा वर्ग परसात आणला. वेलावर तेव्हा तीन फळं धरलेली होती, म्हणजे धरल्यासारखी दिसत होती. मुलांदेखत मी प्रत्येकासमोर उभा राहून सरळ, ताठ बोट दाखवलं आणि म्हणालो, "आता आठ दिवसांनी बघा."

आठ दिवसांनी मुलं न सांगता बघायला आली. तिन्ही गळाली होती.

झालं. मास्तरांच्या बोटाची बातमी जामनेरच्या बाजारापर्यंत गेली. वर्गात मी कुणाकडे बोट करून प्रश्न विचारला की पोरगं अंग चोरू लागलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो की बोटाने फळ मरत नाही. ते खरंच होतं. फळं बोटाने मेली नव्हती, मी ती चाकूने मारली होती, पण तेवढं कळायला अजून बायको यायची होती. तिला मात्र मी कार्डावर लिहिलं, 'वेल उत्तम आहे.' हेही खरंच होतं. वेल कुंपण ओलांडून छपरावर चढला होता.

भाद्रपद सरता सरता ती छोट्या गाडीने परत आली. मी स्टेशनावर घ्यायला गेलो होतो. वाटेत तिने मला दोनदा विचारलं, किती धरलीत? मी म्हणालो, घरी चल, सविस्तर सांगतो.

पदराची गाठही न सोडता ती थेट मागे गेली. पानं उचलून उचलून पाहिली. पानांवर एव्हाना भुरी पडू लागली होती, पांढरं पीठ शिंपडल्यासारखी. वेलाचे दिवस संपत आले होते. फळ एकही नव्हतं. मी वही पुढे केली. मला वाटलं, शास्त्रीय नोंदी पाहिल्या म्हणजे तिची खात्री पटेल की हयगय झालेली नाही. तिला अडखळत का होईना, वाचता येत होतं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. रोज किती फुलं खुडली याचा आकडा मी तारीखवार मांडलेला होता.

"बठ्ठा?" तिने विचारलं.

सगळी. मी मान डोलावली.

ती ओरडली नाही, रडलीही नाही. ओट्यावर बसली आणि मला सांगू लागली, चौथीतल्या मुलाला सांगावं तसं. जी फुलं मी वांझ म्हणून खुडली ते नर. त्यांची पिवळी भुकटी माशीच्या पायाला लागून मादी फुलात जाते, तेव्हा फळ धरतं. ती गेली नाही तर फळ चार दिवस फुगल्यासारखं दिसतं आणि गळतं. तिच्या आईला हे ठाऊक होतं, आजीला होतं, गावातल्या शेळ्या राखणाऱ्या पोरींनाही असेल. मी ऐकत होतो. सहा वर्षं फळ्यावर पुंकेसर लिहिणारा माणूस मी. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे पाहू शकलो नाही, तिच्या हातावरच्या भाजल्याच्या डागाकडेही नाही.

मग ती उठली आणि पुन्हा शोधू लागली. छपराच्या टोकाला, अगदी शेंड्याजवळ तिला एक कळी सापडली. बुडाशी लहानसं, चपटं, फाका असलेलं फळ होतं. उद्या सकाळी उमलणार. ही शेवटची. वेल याच्यापुढे काही देणार नव्हता.

"नर कळी?" तिने विचारलं.

होत्या. पण मी गाडीवर जायच्या आधी नेमाप्रमाणे त्या खुडून गेलो होतो. मी अक्काच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे बकरी रवंथ करत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघं छपराला शिडी लावून उभे होतो. फूल उमललं. असं फूल एकच सकाळ उघडं राहतं. ऊन छपरावर आलं की मिटतं. आमच्या वेलावर नर फूल एकही नव्हतं. गलका ऐकून अक्का आली. सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि शिकलेल्या माणसांविषयी तिला काय वाटलं ते पोटात ठेवून म्हणाली, "माझ्या वेलावर आता दहा फुलं हायेत. घे एखादं अन् लाव."

बायको म्हणाली, "नही. मंग ते मायनं कोठे ऱ्हायनं?"

तेव्हा मला नीट कळलं की प्रश्न फळाचा नव्हता. अक्काच्या वेलाचं फूल लावलं तर फळ धरेल, पण त्यातलं बी मिसळलेलं असेल. न लावलं तर काहीच उरणार नाही. आईचं असं शुद्ध बी आता कुठल्याही मार्गाने मिळणार नव्हतं, आणि ही वेळ तिच्यावर मी आणली होती. मी तोंड उघडलं. अक्काने मला हातानेच गप्प केलं.

"तुझ्या मायनं तरी कुठून आणलं व्हतं?" तिने विचारलं.

बायकोने उमललेल्या फुलाकडे पाहिलं. मग म्हणाली की आईला ते साक्रीच्या बाजारात डोंगराकडून आलेल्या एका बाईने दिलं होतं. आईने तिला मीठ दिलं, तिने बी दिलं.

"मग त्या डोंगरावालीचं म्हण," अक्का म्हणाली. "अन् तुझ्या मायच्या शेजारी काय कोणाचे वेल नव्हते? माशा काय घर विचारून बसतात?"

ऊन शेजारच्या छपरावर आलं होतं. आमच्या छपराचा कोपरा उजळला. बायको एकदम शिडी उतरली, अक्काच्या परसात गेली आणि एक नर फूल देठासकट तोडून आली. मी पुढे झालो.

"तुम्हीन तठेच उभा ऱ्हावा," ती म्हणाली.

मी तिथेच उभा राहिलो. तिने फुलाच्या पाकळ्या एकेक करून सोलल्या, आतली पिवळी दांडी उघडी केली आणि शिडीवर चढून ती त्या शेवटच्या फुलात हळूहळू फिरवली. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

फळ धरलं. या वेळी ते मी नुसतं लांबून पाहिलं, हात मागे बांधून. बोट तर दाखवलंच नाही. तिने त्याच्याखाली गवताची चुंबळ ठेवली, भुरीची पानं काढली, आणि कार्तिक संपता संपता ते राखी-हिरवं, चपटं, खोल फाकांचं गंगाफळ घरात आणलं. आमच्याकडे अख्खं गंगाफळ बाई आधी चिरत नाही, पहिला घाव पुरुषाने घालायचा असतो. घरात पुरुष मी एकटाच. कोयता माझ्या हातात देताना तिने तो सोडायला बराच वेळ लावला.

आतून ते गर्द केशरी निघालं. मी विजयाने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "फळ आईच्या वेलाचंच आहे, ते आईसारखं असणारच. मिसळलंय ते आतल्या बियांत. ते पुढे दिसेल." याही विषयात मला पास होता आलं नाही.

बिया तिने धुतल्या, शेणात कालवल्या. मी सुचवलं की सगळ्या गोवऱ्या आपल्याच घरी, कुलपात ठेवू, लोक काळजी घेणार नाहीत. तिने टोपली काढली. मग कालवलेलं शेण तिच्यात भरून निघाली आणि अक्काच्या, सुताराच्या, तेल्याच्या, पेठेतल्या मारवाडी शेटजींच्या, अशा अकरा घरांच्या भिंतींवर एकेक गोवरी थापून आली. आमच्या भिंतीवर एक थापली, माझा हात पोचणार नाही इतकी उंच.

पुढच्या वर्षी अकरा घरी गंगाफळं आली, आणि ती ना तिच्या आईची होती ना अक्काची. कुणाची फाकांची पण पिवळी, कुणाची राखी पण गोल. आत फिकी, पाणचट. बायको प्रत्येक घरी जाऊन पाहून आली. चांगली आहेत, म्हणाली. आमच्या वेलाची भाजी तिने केली, मला वाढली आणि स्वतः वरणावर जेवली. मी भाजीची स्तुती केली. मग मलाच ती घशाखाली उतरेना. लोकांनी मात्र त्या बिया पुन्हा धरल्या, पुन्हा लावल्या, कारण फुकट आलेलं होतं आणि भाजी होत होती.

तिसऱ्या वर्षी, पौषात, शेटाणीने निरोप पाठवला की बाईंना जरा घेऊन या. शेटजींच्या गोदामामागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्या कुंपणाच्या बुडाशी आदल्या वर्षी धरलेलं बी कुणीतरी सहज टोचलं होतं आणि मग त्याला कुणी पाणीही घातलं नव्हतं. वाळत आलेल्या वेलावर एक गंगाफळ होतं. दुसरं शेटाणीने सकाळी मुलाकडून चिरवून घेतलं होतं आणि त्याचा रंग पाहून तिला आमच्या घरची आठवण झाली होती. तिने एक फोड बायकोच्या हातावर ठेवली.

कुंपणावरचं गंगाफळ चपटं होतं. राखी-हिरवं होतं. फाकांत बोट बुडेल इतकं खोल. बायको आधी त्याच्याकडे पाहत राहिली, मग तिने हातातल्या कच्च्या फोडीचा तुकडा तोडून तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली. चुलीत हात भाजला तेव्हा ती रडली नव्हती, वही वाचली तेव्हा रडली नव्हती, माझ्यासमोर आईसाठीही कधी रडली नव्हती. ती तिथे, त्या काटेरी कुंपणाशी, परक्या माणसांदेखत, तोंडात कच्ची फोड धरून मोठ्याने रडली. शेटाणी घाबरली. मी घाबरलो नाही. मला फक्त वाटलं की बिया माझ्या सल्ल्याने कुलपात राहिल्या असत्या तर हे कुंपण रिकामं असतं. आणि माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"ले जा बाई, थारो ही तो है," तुझंच तर आहे, असं शेटाणी म्हणाली आणि तिने विळ्याने देठ कापून ते दिलं.

गंगाफळ चांगलं जड होतं. बायकोने ते कमरेवर घेतलं. बाजाराच्या दिवसाची गर्दी होती, लोक बघत होते की मास्तर मोकळ्या हाताने चाललाय आणि बाई ओझं वाहतेय. मी म्हणालो, "दे इकडे, मी घेतो." ती चालत राहिली. आमची गल्ली आली तेव्हा मी पुन्हा हात पुढे केले.

तिने गंगाफळ दुसऱ्या कमरेवर घेतलं. "तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली, "आणि दार उघडा."

मी पुढे पळालो, दार उघडलं, आणि ती आत येईपर्यंत ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.